नाकमास्तर आणि चावलेला पाइप

नाकमास्तर कुठलीही वस्तू आधी बघत नसत, आधी हुंगत. पितळी डबा असो, बंद पडलेलं घड्याळ असो, नाही तर कुणाच्या आजोबांची काठी असो, ते डोळे मिटणार, वस्तू नाकाशी नेणार, मान जराशी डावीकडे कलती करणार आणि असा लांब श्वास घेणार की आता वस्तूच आत जाते की काय असं वाटावं. तेवढ्या वेळात कुणी खोकलेलंही त्यांना खपत नसे. मग डोळे उघडून ते निकाल देत. तो बहुतेक वेळा बरोबर असे, आणि चुकला तरी इतक्या थाटात दिलेला असे की समोरच्याला वस्तूचाच संशय येई.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण अख्खं श्रीरामपूर त्यांना पाठीमागे नाकमास्तरच म्हणे आणि हे त्यांना ठाऊक होतं. एका शाळेत सुतारकाम शिकवण्यात त्यांची हयात गेली. माझा नवरा त्यांचा विद्यार्थी. त्याने त्यांच्या हाताखाली केलेला पाट अजून आमच्या घरी आहे आणि अजून डुगडुगतो. "लाकूड वाळलेलं होतं, पोरगं ओलं होतं," असा त्या पाटावर सरांचा शेरा होता. ह्या नात्याने मी त्यांची सूनबाई झाले. माझं स्टेशन रोडला झेरॉक्सचं दुकान, त्यांचं घर मागच्या गल्लीत, चर्चच्या कुंपणाला लागून. जुन्या वस्तूंचं वेड मला पहिल्यापासून. बाजारात भाजीला म्हणून जाऊन गंजलेला कंदील घेऊन येणारी बाई, अशी माझी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ख्याती आहे. नवरा त्या सगळ्याला भंगार म्हणतो. सर त्याला माल म्हणत. मग मी संध्याकाळी कुणाच्या घरी जाऊन बसणार?

"डोळ्याला फसवणं सोपं असतं," सर सांगत. "पॉलिश काय, एका दुपारी होतं. वास मुरायला माणसाची उमर जाते." आणि पुरावा म्हणून गळ्यातला मफलर काढून पुढे करत. आतून मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओरडत, "तो नका देऊ कुणाला हुंगायला! धुवायचाय!"

ह्या नाकाने त्यांची फजितीही केली होती. एका दुकानदाराने त्यांना एक मोठी पितळी घंटा दाखवली. सरांनी ती हुंगली, कडेवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, "समुद्राकाठची आहे. हिच्यात खारा वारा आहे. गोव्याकडच्या एखाद्या जुन्या चर्चची असणार." दुकानदाराने तशी चिठ्ठी लावून ती दर्शनी ठेवली. पुढे कुणीतरी सहज दोरी ओढली आणि तो टोल ऐकून सर रस्त्यात उभे राहिले. ती त्यांच्याच शाळेची घंटा होती. शाळेने विजेची बेल बसवल्यावर जुनी भंगारात गेली होती. उभा जन्म त्यांनी तिच्या तालावर तास घेतले होते. "ऐकायला हवी होती, मी हुंगत बसलो," असं ते स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगत.

त्यांचा खरा जीव होता तो पाइपांवर. तंबाखूच्या पाइपांवर. गंमत म्हणजे ह्या माणसाने आयुष्यात विडीसुद्धा शिलगावली नव्हती. त्यांचे वडील साखर कारखान्याच्या वसाहतीत सुतार होते, आणि तिथल्या परदेशी इंजिनिअरच्या बंगल्यातून संध्याकाळी पाइपचा धूर कुंपणाबाहेर येई. मळीच्या आंबूस वासात तो गोड वास मिसळला की लहानगे सर खेळ सोडून कुंपणाशी उभे राहत. पुढे चर्चमध्ये त्यांनी व्यसनाला शिवणार नाही असं वचन दिलं आणि ते पाळलं. "ओढणार नाही असं म्हणालो होतो. हुंगणार नाही का, असं पाळकसाहेबांनी विचारलंच नव्हतं," ते म्हणत. कुणाकुणाकडून मिळालेले पाइप त्यांनी कपाटाच्या खणात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवले होते. पूर्वी ते पवित्र शास्त्राच्या शेजारी असत; मावशींनी एके दिवशी त्यांचं बिऱ्हाड चपलांच्या कपाटात हलवलं. मग पुष्कळ बोलणी होऊन ते मधल्या खणात आले.

वस्तूची किंमत विचारली की सर नेहमी दोन आकडे सांगत. एक बाजारभाव आणि एक घरभाव. बाजारभाव म्हणजे दुकानात जे मिळतील ते. घरभाव म्हणजे ज्या घरातून वस्तू निघाली त्या घरात तिचं मोल काय ते, आणि तो रुपयात नसे. एकदा एकजण आईचा अडकित्ता विकायला घेऊन आला. सरांनी बाजारभाव सांगितला. तो बरा होता. मग म्हणाले, "आता घरभाव. तुझ्या धाकट्या बहिणीला फोन लाव आणि अडकित्ता विकतोय म्हणून सांग. ती काय बोलते तो घरभाव." त्याने तिथेच फोन लावला. थोडा वेळ नुसतंच ऐकलं आणि अडकित्ता खिशात घालून तो निघून गेला. जुन्या मालाचे व्यापारी सरांना वचकून असत ते ह्यामुळे. हातातोंडाशी आलेला माल ते माघारी पाठवत.

मग ती साथ आली. सर आणि मावशी दोघंही आडवे झाले आणि देवाच्या कृपेने दोघंही उठले. पण उठल्यावर सरांनी वस्तू बघणं बंद केलं. कुणी काही घेऊन आलं की डोळे आलेत, कंबर धरलीय, आज मन लागत नाही, अशी काहीतरी सबब. आलेला माणूस चहा पिऊन वस्तूसकट परत जाई. मला वाटलं, आजाराने खचले असतील. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यांनाच विचार," आणि धुणं वाळत घालायला निघून गेल्या. मावशी कधी अशा तुटक बोलत नसत.

अशात मी काष्टीला गेले. तिथे माझी नणंद दिली आहे. घट बसायला थोडे दिवस होते, घरोघरी दसरा काढणं, म्हणजे सगळं घर धुऊन काढणं, चाललं होतं आणि गोधड्यांनी कुंपणं झाकून गेली होती. आठवडे बाजारात नणंद शेळीचे भाव विचारत उभी राहिली आणि मी सवयीने भंगारवाल्यांच्या ओळीकडे सरकले. एकाच्या पोत्यावर विळे, बिजागऱ्या, स्टोव्हची डोकी, आणि त्यांच्यात एक वाकडा पाइप पडलेला. झडप घालावीशी वाटली. चेहरा मात्र मी भेंडी निवडतानाचा ठेवला.

"हे काय हाय हो?" मी विचारलं.

"पाइप हाय, बाई. सायबाचा. जर्मनचा."

"कशावरनं जर्मनचा?"

"वाकडा हाय न्हवं."

मिसळीच्या एका प्लेटच्या पैशात सौदा झाला. मी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि परतीच्या गाडीत सारखी पर्स उघडून बघत बसले. मनात एकच होतं, हा बघून सर पुन्हा पहिल्यासारखे होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडे गेले. सर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. पाइप बघितल्यावर त्यांनी सबब सांगितली नाही. सांगवलीच नाही म्हणा. चष्मा काढला, डोळे मिटले, पाइप नाकाशी नेला, मान डावीकडे कलली. डोळे उघडून ते म्हणाले, "वा, सूनबाई. गोड तंबाखू आहे. बेदाण्यासारखा वास. साहेबाने मुरवून मुरवून ओढलाय."

पण त्या पाइपला कापराचा वास येत होता. थोडाथोडका नाही, पर्स उघडली तरी देवघरात उभं राहिल्यासारखं वाटावं इतका. त्याच्या मागे इंजिनच्या तेलाचा वास. तंबाखूचा मागमूस नव्हता. गाडीत शेजारी बसलेल्या बाईनेसुद्धा विचारलं होतं, "कुठल्या देवाला जाऊन आलात?" आणि आता माझ्या लक्षात आलं की मी घरात पाऊल टाकल्यापासून स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा भपकारा येत होता आणि सर त्या दाराच्या शेजारी निवांत बसले होते.

तेवढ्यात मावशी मागच्या अंगणातून धावत आल्या. "अहो, दूध!" म्हणून किंचाळल्या, गॅस बंद केला, आणि मग दारात येऊन नुसत्या सरांकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता. सर पाइपकडे बघत होते.

"सूनबाई, खरं सांग. कसला वास येतोय ह्याला?"

"कापराचा, सर."

"आणि घरात?"

"दूध लागलंय."

त्यांनी मान हलवली. "दोन वर्षं झाली. काही म्हणजे काही येत नाही. डॉक्टर म्हणतात, लिंबू हुंगत राहा, आलं तर परत येईल. हिच्याशिवाय कुणाला बोललो नाही. नाकमास्तरचं नाक गेलं म्हटल्यावर मागे राहिलं काय? नुसता मास्तर. तसले तर गल्लीत पाचपन्नास आहेत." हे ते हसत म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. मला रडू येत होतं आणि रडले तर ते मला कधी क्षमा करणार नाहीत हेही कळत होतं. म्हणून मी जरा तोऱ्यातच म्हणाले, "वास मला येतो की. तुम्ही विचारा, मी सांगते."

"तू?" ते म्हणाले. "बरं, सांग. कसा आहे वास?"

"छान आहे."

"छान हा वास नसतो!" सर असे कडाडले की मावशींच्या हातातलं पातेलं वाजलं. वर्गात पटाशी उलटी धरणाऱ्या पोरावर ओरडावं तसे. "कशासारखा, ते सांग. कुठल्या भागाला कुठला, ते सांग."

त्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग आम्ही तो पाइप ओळखायला बसलो. भिंग आलं, मावशींची क्रोशाची सुई आली, पांढरं फडकं आलं. पाइपची वाटी ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळीची आहे, हे सरांनी रेषा बघून सांगितलं. त्याला नाक लागत नाही, सुतार लागतो. नळी हिरवट-तपकिरी पडली होती. "ती फडक्याने गरम होईतो चोळ आणि हुंग," ते म्हणाले. मी चोळली. "काडेपेटी," मी म्हणाले. "काडी ओढल्यावर येतो तो." सरांचा चेहरा उजळला. "गंधक. म्हणजे जुनं कडक रबर. प्लास्टिक असतं तर काही आलं नसतं. पुढे?" वाटीच्या आत त्यांनी सुई फिरवली. रोज ओढलेल्या पाइपमध्ये काजळीचा जाड थर बसतो. इथे नुसती काळी झाक होती. आणि नळीच्या टोकावर मात्र दातांचे असे खोल ठसे की आरपार जायचे बाकी.

सर भिंगातून बघत राहिले. "सूनबाई, हे उलटं आहे बघ. ओढलाय अगदी कमी आणि चावलाय भरपूर. आणि चावणाऱ्याचा वरचा एक दात नव्हता. इथे ठसाच नाही." मग त्यांनी सुईच्या टोकाने वाटीच्या आणि नळीच्या जोडातून पिवळा कण उकरून फडक्यावर ठेवला. मी हुंगलं. हळद होती. जोडाच्या फटीत, वाटीवर कोरलेल्या अक्षरांत, सगळीकडे हळद आणि तिच्यावर कुंकवाचा लाल गाळ बसलेला होता.

"हा पाइप साहेबाने ओढला असेल-नसेल," सर हळूच म्हणाले. "पण ह्याची पूजा झालीय. वर्षानुवर्षं झालीय."

"किंमत काय येईल, सर?"

"बाजारभाव? नळी चावलेली, अक्षरं हळदीने बुजलेली. एक बऱ्यापैकी चप्पल येईल. आणि घरभाव घर बघितल्याशिवाय मी सांगत नसतो." ते उठून उभे राहिले. आजारातून उठल्यावर जो माणूस रविवारी चर्चला जाण्यापलीकडे घर सोडत नव्हता, तो मावशींना विचारत होता, "माझा कोट कुठाय?"

मधला एक बाजार पावसात गेला, त्याच्या पुढच्या बाजाराला आम्ही दोघं काष्टीला गेलो. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी, अवजारांच्या पूजेचा दिवस, आली होती. भंगारवाल्याने मला ओळखलं आणि पैसे परत मागायला आले समजून तो सावध झाला. कुठून आणलं एवढंच विचारायचंय म्हटल्यावर त्याने मळ्याकडच्या एका वस्तीची खूण सांगितली. मला बढाई मारायची खोड आहे. "आमचे सर वासावरनं वस्तू वळखतात," असं मी त्याला ऐकवलं. तो पोतं शेजाऱ्यावर सोपवून गंमत बघायला आमच्याबरोबर निघाला.

वस्तीवर ओसरीत पूजा मांडलेली होती. फावडी, कुदळी, कोयते, पाण्याच्या मोटरचा स्टार्टर, पान्ह्यांचा एक डबा, आणि दारात झेंडू घातलेला ट्रॅक्टर. पण पूजेला कुणी बसलं नव्हतं. घरचा मुलगा कानकोंडा होऊन उभा होता आणि सून पदराने डोळे पुसत होती. घरातली आजी भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी पर्समधून पाइप काढला मात्र, सून ओरडलीच, "आवं आत्याबाई, घावलं! घावलं हो!"

झालं होतं ते असं. ती सून कोपरगावकडची, नवीनच आलेली. दसरा काढताना तिला पान्ह्यांच्या डब्यात हे वाकडं लाकूड दिसलं. ह्या घरात कुणी तंबाखूला शिवत नाही, मग व्यसनाची वस्तू देवाच्या सणाला घरात कशाला, म्हणून तिने चांगल्या मनाने ती भंगारात दिली. आणि आजीने हट्ट धरला होता, ते अवजार सापडल्याशिवाय पूजा नाही.

"अवजार?" सर म्हणाले.

आजीने पाइप दोन्ही हातांत घेतला. "आवजारच की. आमचं मालक फॅक्टरीत फिटर हुते. मशिनी बसवायला परदेशातनं सायेब आल्ता. मशीन आडलं की सायेब कुनाशी बोलायचा न्हाई. आदी हे तोंडात धरायचा, डोळं बारीक करायचा आन् मग म्हनायचा, हितं खोला. तितंच बिघाड असायचा! जाताना त्यानं मालकास्नी पान्ह्यांचा डबा दिला, त्यात हे बी दिलं. मग आमच्या हिरीवरचं इंजन आडलं की मालक पान्हा हातात घ्यायचे आन् हे दातात. तंबाखू न्हाई, धूर न्हाई, काय न्हाई. नुसतं धरायचं आन् इचार करायचा. इंजन चालू हुयाचंच. मग खंडेनवमीला ह्याला हळद नको लावाय? डब्यात संगं कापूर नको ठेवाय?"

"त्यांचा वरचा एक दात नव्हता का हो?" सरांनी घाईघाईने विचारलं.

"इंजनचं हँडल उलटं फिरलं आन् बसलं की तोंडावर. तुमास्नी कुनी सांगितलं?"

परीक्षेत पहिला आलेला मुलगा आईकडे बघतो तसं सरांनी माझ्याकडे बघितलं. भंगारवाला आता पुढे सरसावला. "आजे, हे मास्तर वासावरनं वळखत्यात म्हनं."

"आसं?" आजीने पाइप सरांपुढे धरला. "मग हुंगा बरं. आमच्या मालकाचंच हाय का सांगा."

सगळे जमा झाले. मी जिभेला शिव्या दिल्या. सरांनी पाइप घेतला, सवयीने डोळे मिटले, नाकापर्यंत नेला, आणि तिथेच थांबले. एक मोठा श्वास घेऊन ते काहीतरी थाटात सांगू शकले असते. कुणाला कळणार होतं? मी सोडून कुणालाच नाही. त्यांनी पाइप खाली घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "आजी, मला वास येत नाही."

"आँ?"

"वास येत नाही मला."

"मोठ्यानं बोला की, मास्तर. मला कमी ऐकू येतं!"

तेव्हा आमचे सर त्या ओसरीत छाती भरून ओरडले, "मला वास येत नाही! साथीत नाक गेलं माझं! हिने हुंगलं, मी बघितलं!" शेजारच्या रानातला माणूस हातातलं खुरपं थांबवून इकडे बघायला लागला. सर स्वतःच दचकले. आणि मग इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं ते सगळ्या वस्तीला सांगून झालं होतं आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. आजी शांतपणे म्हणाली, "मग येवढं लपवायचं काय त्यात? बसा पूजेला."

सरांनी पाइप धरला, आजीने त्याला हळद-कुंकू लावलं. "हळद तुम्ही लावा, मी नुसता धरतो," ते म्हणाले होते आणि आजीला त्यात काही वावगं वाटलं नाही. कापूर पेटला. सर माझ्याकडे वळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बोल." मी बोलत गेले. कापूर. झेंडूचा तुरट. ट्रॅक्टरचं डिझेल. सारवलेली ओली जमीन. आतून पुरण शिजल्याचा, जायफळासकट. ते डोळे मिटून ऐकत होते. आजीच्या मुलाने विचारलं, "मास्तर, ह्याची किंमत काय आसंल हो?" सर म्हणाले, "बाजारात एक चप्पल. घरात, तुमची आई पूजेला बसली ना, तेवढी." निघताना आजीने आमच्या पिशवीत तिच्या बागेतली हिरवीगार लिंबं ओतली.

श्रीरामपूरला आल्यावर सरांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. लोक दोन दिवस हळहळले आणि तिसऱ्या दिवशी वस्तू घेऊन आले. आता बैठक माझ्या झेरॉक्सच्या दुकानात भरू लागली. गिऱ्हाइकाच्या आधारकार्डाच्या प्रती काढता काढता मी एखादी अत्तरदाणी हुंगून सांगायची आणि सर निकाल द्यायचे. कधी मी "छान" म्हणून गेले की गिऱ्हाइकादेखत ओरडा बसे. नवरा म्हणायचा, आता तुला नाकसूनबाई म्हणतील. म्हणोत की!

कोटाच्या खिशात सर नेहमी एक लिंबू ठेवत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोज सकाळी ते हुंगत आणि सुकलं की मावशी बदलत. काष्टीची आजी दरवर्षी कुणाबरोबर तरी लिंबं पाठवायची. कधीकधी सर थबकून म्हणत, "आज काहीतरी आलं बहुतेक." मावशी आणि मी एकमेकींकडे बघत नसू आणि पुढे विचारत नसू.

गेल्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. मावशी म्हणाल्या, रात्री पोटभर जेवून, खणातले पाइप पुसून ठेवून झोपले. चर्चमध्ये नेण्याआधी त्यांना अंगणात पेटीत ठेवलं होतं. कोट घातलेला, केस नीट विंचरलेले. त्यांचे कितीतरी विद्यार्थी आले होते, डुगडुगत्या पाटाचा धनीही एका कडेला डोळे पुसत उभा होता. मी जवळ गेले, वाकले, आणि सवयीने माझं मला कळायच्या आत पुटपुटू लागले. मावशी शेजारीच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला.

"त्यांना सांगतेस ना? मग मोठ्याने सांग की गं."

मी डोळे मिटले. "पेटी आंब्याच्या लाकडाची आहे, सर. पॉलिश कालचंच आहे, अजून नाकाला झोंबतं. कोटाला डांबरगोळ्यांचा वास आहे, मेणबत्त्या नुकत्या लावल्यात, आणि गुलाबाला पाणी जास्त झालंय." मी कोटाच्या खिशाशी वाकले. "खिशात लिंबू आहे, सर. मावशींनी आज सकाळी बदललंय. हिरवं आहे."